आवाज विरतो कसा, तुटतो कसा

बडोद्याच्या हरणी विमानतळावर उतरणारं विमान आजही एएमवर बोलतं. घरोघरी एफएम येऊन कित्येक वर्षं झाली, मोबाइल पूर्णपणे डिजिटल झाले, तरी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वैमानिक आणि नियंत्रक यांचं बोलणं त्याच जुन्या पद्धतीनं चालतं. त्याला सबळ कारण आहे. दोन वैमानिक चुकून एकाच वेळी बोलले, तर एएमच्या रिसीव्हरमध्ये आवाज वाहून नेणाऱ्या दोन्ही वाहक लहरी एकमेकींत मिसळतात आणि एक कर्कश शीळ उठते. शीळ ऐकली की नियंत्रकाला कळतं, आणखी कुणीतरी बोलत होतं. तो पुन्हा विचारतो. एफएमवर अशा वेळी जोरकस सिग्नल कमजोर सिग्नलला पार गिळून टाकतो. दुसरं विमान बोललं होतं याचा पत्ताच लागत नाही, आणि विमानतळावर असं चालत नाही.

रेडिओवर आवाज पाठवण्याची पद्धत निवडताना स्वच्छ किती ऐकू येतं हे बहुतेक जण आधी बघतात. ते बघायलाच हवं. पण सिग्नल क्षीण झाला, दोघं एकदम बोलले किंवा गावची वीज गेली, तर त्या पद्धतीचं काय होतं, हे त्याहून महत्त्वाचं आहे. हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या जगात अॅनालॉग की डिजिटल हा वाद अनेक वर्षं चालू आहे आणि त्याचा निकाल याच प्रश्नापाशी लागतो. बडोद्यासारख्या शहरात तर हा वाद नुसता छंदाचा उरत नाही. ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात मुसळधार पाऊस आणि आजवा सरोवराचं पाणी यांनी विश्वामित्री नदी फुगली, तिची पातळी ३७ फुटांच्या आसपास गेली आणि सयाजीगंज, फतेगंज, अकोटा, समा अशा वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. लष्कर बोलवावं लागलं, कित्येक भागांत वीज बंद ठेवावी लागली. मोबाइलचे टॉवर वीज गेल्यावर बॅटरी आणि डिझेल जनरेटरवर चालतात. पाण्यातून डिझेल पोहोचलं नाही की काही तासांत तेही गप्प होतात. अशा वेळी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एखादा रेडिओ सेट आणि तो चालवू शकणारा माणूस यांची किंमत कळते.

हौशी रेडिओच्या भारतीय नियमांत प्रसारणाचे प्रकार तीन-तीन खुणांनी लिहिलेले असतात. ए३ई, जे३ई, एफ३ई. पहिलं अक्षर वाहक लहरीवर संस्कार कसा केला ते सांगतं, मधला तीनचा आकडा म्हणजे एक अॅनालॉग वाहिनी, आणि शेवटचा ई म्हणजे माणसाचं बोलणं. ए३ई म्हणजे एएम, जे३ई म्हणजे एसएसबी, एफ३ई म्हणजे एफएम. या तीन नोंदींत आवाजाच्या अॅनालॉग पद्धतींचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आला.

एएम सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत खर्चिक. आपल्या आवाजाच्या चढउतारानुसार वाहक लहरीची उंची कमीजास्त होते. असं झालं की वाहक लहरीच्या दोन्ही अंगांना एकेक पट्टा तयार होतो. आवाज असतो तो या पट्ट्यांमध्ये, आणि दोन्हीकडे तोच आवाज. मधल्या वाहक लहरीत बोलण्याचा अंशही नसतो. हिशेब केला तर डोळे उघडतात: पूर्ण क्षमतेनं एएम करणाऱ्या ट्रान्समीटरची दोन तृतीयांश शक्ती त्या मुक्या वाहक लहरीत जाते आणि प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम एक षष्ठांश येते. म्हणजे दीडशे वॅट हवेत सोडले, तर ऐकणाऱ्याला खरोखर पुरेसे असलेले वॅट पंचवीसच.

ही उधळपट्टी थांबवण्याची युक्ती जॉन रेनशॉ कार्सन या अमेरिकन अभियंत्यानं १९१५ साली पेटंटसाठी मांडली. वाहक लहर काढून टाका, एक पट्टाही काढून टाका, उरलेला एकच पट्टा पाठवा. रिसीव्हरनं स्वतःच्या पोटात वाहक लहर तयार करावी आणि आवाज परत उभा करावा. यालाच सिंगल साइडबँड, एसएसबी म्हणतात. जागा अर्ध्यावर येते, सुमारे तीन किलोहर्ट्झ, आणि सगळी शक्ती बोलण्यालाच लागते. माणूस गप्प असेल तेव्हा ट्रान्समीटर जवळजवळ काहीच सोडत नाही, त्यामुळे बॅटरीही टिकते. पूरग्रस्त शहरात हा शेवटचा मुद्दा सोन्याच्या मोलाचा आहे.

एसएसबी ऐकायला थोडा सराव लागतो. रिसीव्हरची आतली वाहक लहर मूळ जागेपासून शंभर हर्ट्झनं जरी सरकली, तरी बोलणाऱ्याचा आवाज एकतर घोगरा, खोल होतो किंवा बदकासारखा चिरका. मुरलेला हॅम मोठी चकती बोटाच्या टोकानं हलकेच फिरवत राहतो. चिरका आवाज उतरत उतरत एका ठिकाणी माणसाचा होतो, आणि तिथे बोट थांबतं. दहा मेगाहर्ट्झच्या खाली खालचा पट्टा आणि वर वरचा पट्टा वापरायचा, असा जगभरच्या हॅम मंडळींचा संकेत आहे.

भारतातल्या हॅम मंडळींचं आपापसातलं बरंचसं बोलणं चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये एसएसबीवर चालतं. यासाठी लागणारा अँटेना अगदी साधा असतो: तांब्याच्या तारेचे दहा-दहा मीटरचे दोन हात, मध्ये केबल, आणि ताणायला दोन खांब. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर तो तिरका का होईना बसतो. तार फार उंच नसली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनमंडलावरून परतून खाली येतात आणि चारपाचशे किलोमीटरच्या वर्तुळात सांडतात. बडोद्याहून भुज सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर, मुंबई साडेतीनशेच्या पुढे, पुणे सव्वाचारशेच्या आसपास. दिवसाउजेडी तिन्ही गावं एकाच तारेच्या टप्प्यात येतात. मध्ये टॉवर नाही, एक्सचेंज नाही, कुठली कंपनी नाही. आयनमंडल मात्र रोज सारखं वागत नाही. सूर्य मावळला की हेच वर्तुळ ताणून दूर जातं, जवळचं गाव हरवतं आणि लांबचं ऐकू येऊ लागतं.

२६ जानेवारी २००१च्या सकाळी भुजच्या भूकंपानं कच्छची टेलिफोन व्यवस्था कोलमडली, तेव्हा गुजरातमधले आणि बाहेरून आलेले हॅम सेट घेऊन तिथे पोहोचले. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपानंतरही हौशी मंडळींनी असंच काम केलं होतं. आणि २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. त्या गेल्या होत्या अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क साधण्याच्या मोहिमेवर. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला आणि त्यांचा हौसेचा सेट काही तासांत बचावकार्याचा सेट झाला. एवढ्या अंतराचं बोलणं लघुलहरींवर साध्या अॅनालॉग उपकरणांनीच झालं.

एफएमची गोष्ट निराळी. याच कार्सननं १९२२ साली गणितानं दाखवून दिलं होतं की वाहक लहरीची उंची न बदलता तिची वारंवारता बदलली तर जागा वाचत नाही, उलट जास्त लागते. त्याचं सूत्र आजही शिकवतात. हॅमच्या हातातल्या एफएम सेटची लहर पाच किलोहर्ट्झ डावीउजवीकडे हलते, बोलण्याची वरची मर्यादा तीन किलोहर्ट्झ. दोन्हींची बेरीज करून दुप्पट केली की सोळा किलोहर्ट्झ. एसएसबीच्या पाचपट जागा! मग एफएम घ्यायचं कशाला? उत्तर एडविन आर्मस्ट्राँगनं १९३३च्या पेटंटांतून दिलं. जास्त जागा खर्चली की त्या बदल्यात खरखर जाते. विजेचा कडकडाट, मोटरसायकलचा स्पार्क, मिक्सरची मोटर यांचा बहुतेक त्रास लहरीच्या उंचीत असतो, आणि एफएमचा रिसीव्हर उंचीकडे बघतच नाही. सिग्नल पुरेसा असेल तोवर आवाज स्वच्छ. पुरेसा नसेल तेव्हा एका विशिष्ट पातळीखाली खरखर एकदम अंगावर येते. एफएमसुद्धा एसएसबीसारखं शेवटच्या कुजबुजीपर्यंत साथ देत नाही, हे लक्षात ठेवावं.

हातातल्या वॉकीटॉकीसारख्या सेटचं घर म्हणजे दोन मीटरचा बँड, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. या लहरी आयनमंडलावरून परतत नाहीत. त्या जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात, आणि शहरात तीनचार इमारती आडव्या आल्या की दमतात. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. एका वारंवारतेवर ऐकायचं आणि त्याच क्षणी दुसरीवर मोठ्यानं परत बोलायचं, एवढंच त्याचं काम. बडोद्याभोवतीचा प्रदेश सपाट, पण पूर्वेला पावागड उभा आहे, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या वर. उंचीच्या वर्गमुळाला ४.१२नं गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. शहराच्या जमिनीपासून पावागडाचा माथा सुमारे पावणेआठशे मीटर वर धरला, तर क्षितिज एकशे पंधरा किलोमीटरच्या आसपास येतं. म्हणजे तिथल्या अँटेन्याला बडोदा, हालोल, आणंद, नडियाद, गोध्रा, भरूच एका नजरेत दिसतील. पूरनियंत्रणाचं नियोजन करणाऱ्यांनी हा डोंगर या दृष्टीनं बघावा, एवढं नक्की म्हणता येईल.

अवकाशातही एसएसबी आणि एफएम या दोन्ही पद्धती आपापल्या जागी चपखल बसल्या. इस्रोनं ५ मे २००५ला पीएसएलव्ही-सी६मधून सोडलेला हॅमसॅट खास हौशी मंडळींसाठी होता आणि २०१४पर्यंत त्यानं काम दिलं. त्याच्यावरचा ट्रान्सपॉण्डर, म्हणजे खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारा संच, एसएसबीला सोयीचा होता, कारण एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी अनेक संभाषणं एकाच वेळी चालू शकत. एफएमचा उपग्रह असता तर जोरकस सिग्नलवाल्यानं बाकी सगळ्यांना झाकून टाकलं असतं. याउलट जुलै २०२५मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवर भारतीय विद्यार्थ्यांशी बोलले ते एफएमवर. स्थानक इतक्या वेगानं जातं की १४५.८ मेगाहर्ट्झवरचा सिग्नल जवळ येताना तीन किलोहर्ट्झहून जास्त वर सरकतो आणि दूर जाताना तितकाच खाली. एसएसबीवर हे सांभाळायला चकती सतत फिरवावी लागली असती. एफएमच्या सोळा किलोहर्ट्झच्या अंगणात हा सरकता सिग्नल आरामात मावतो आणि स्थानक डोक्यावर असतानाची ती दहाएक मिनिटं बोलण्यालाच मिळतात.

आता डिजिटलकडे. इथे लहरीवर आवाज बसवत नाहीत. आवाजाचे आकडे करून ते आकडे पाठवतात. सेकंदाला आठ हजार वेळा आवाज मोजला आणि प्रत्येक मोजमापाला सोळा बिट दिले, तर सेकंदाला १,२८,००० बिट होतात. इतके बिट अरुंद पट्ट्यात मावत नाहीत. म्हणून व्होकोडर हवा. त्याचा जनक बेल लॅब्जचा होमर डडली. त्यानं १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात यंत्राच्या तोंडून बोलणं ऐकवलं होतं. पुढे याच संस्थेत कानपूरला जन्मलेले आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले बिष्णू अटल यांनी लिनियर प्रेडिक्टिव्ह कोडिंगचा पाया घातला. आज मोबाइलवर चालणारं जगभरचं बोलणं त्यांच्या कामाचं ऋणी आहे, आणि आपल्याकडे हे नाव शाळकरी मुलांना माहीत नसावं याची खंत वाटते.

व्होकोडर काय करतो ते बडोद्याच्या भाषेत सांगता येईल. उस्ताद मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली आणि बंदिशी कागदावर उतरवण्यासाठी स्वरलिपी तयार केली. गाणं गावोगाव पाठवायला गवयाला पाठवायची गरज उरली नाही; लिपी पाठवली की तिकडचा शिकलेला माणूस ते गाऊ शकतो. व्होकोडर अशीच आवाजाची लिपी पाठवतो. दर वीस मिलिसेकंदांनी तो टिपतो: स्वरतंतू कंप पावताहेत की नुसती हवा सुटते आहे, कंप असेल तर किती हर्ट्झचा, तोंडाच्या पोकळीचा आकार साधारण कसा, जोर किती. एवढं पलीकडे पोहोचलं की तिकडची चिप नव्यानं बोलते. मूळ आवाज वाटेत कधीच नव्हता.

काटकसर अचाट आहे. डीएमआर या पद्धतीत आवाजाला सेकंदाला २,४५० बिट पुरतात, म्हणजे मूळ आकड्याचा बावन्नावा हिस्सा. त्यावर चुका दुरुस्त करण्यासाठी आणखी १,१५० बिट जोडतात. ही पद्धत युरोपच्या ईटीएसआय या मानक संस्थेनं व्यावसायिक वॉकीटॉकींसाठी तयार केली आणि हॅम मंडळींनी ती उचलली. तिच्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीत तीस-तीस मिलिसेकंदांचे दोन हप्ते आलटून पालटून चालतात, त्यामुळे एका रिपीटरवर दोन स्वतंत्र संभाषणं होतात. प्रत्येक हातसंच निम्माच वेळ प्रसारण करत असल्यानं त्याची बॅटरी जास्त वेळ पुरते. त्याआधीची डी-स्टार ही जपानच्या हौशी रेडिओ संघटनेची देणगी. ती तर सव्वासहा किलोहर्ट्झमध्ये आवाज आणि वर थोडी माहितीही नेते. यासू कंपनीनं २०१३ साली आणलेली सिस्टम फ्यूजन हे तिसरं घराणं. तिन्ही घराणी एकमेकांशी थेट बोलत नाहीत. एकाचा सेट घेतलेला हॅम शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्याच्या सेटला बहिरा असतो, आणि ही अडचण आणीबाणीच्या कामात क्षुल्लक मुळीच नाही. एफएमचा कुठलाही सेट त्याच बँडवरच्या कुठल्याही एफएम सेटशी बोलतो.

लिपीची मर्यादाही आहेच. व्होकोडरला एका माणसाचा गळा समजतो. मागे जनरेटर घरघरत असेल, पंखा असेल, दोघं एकदम ओरडत असतील, तर तो गोंधळतो आणि त्या गोंगाटालाही माणसाचा गळा समजून लिहायला बघतो. डीएमआरवर तबला ऐकवून बघावा. तबला नावाचं काही होतं असा संशयही येत नाही. बचावकार्यात बोटीचं इंजिन शेजारी असतं, तेव्हा माइक ओठांजवळ धरून, इंजिनाकडे पाठ करून बोलायचं हे शिकवावंच लागतं.

सगळ्यांत मोठा फरक मात्र कड्याचा. डिजिटल आवाज सिग्नल चांगला असो की मध्यम, सारखाच स्वच्छ येतो, कारण चुका दुरुस्त करणारे बिट आपलं काम करत असतात. चुका त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या की आवाजाचे तुकडे होतात, यंत्र बोबडं बोलल्यासारखे चमत्कारिक ध्वनी येतात, आणि दोन पावलं पुढे गेलं की शांतता. हॅम मंडळी याला कड्यावरून पडणं म्हणतात. बडोद्यात समजा एखादा स्वयंसेवक सेट घेऊन फतेगंजकडून समाच्या दिशेनं निघाला. एफएमवर खरखर वाढत जाते आणि त्याला कळतं की आपण टप्प्याच्या काठाला आलो. तो गच्चीवर चढतो किंवा दोन पावलं मागे येतो. डिजिटलवर त्याला कानानं पूर्वसूचना मिळत नाही. एसएसबीवर तर खरखरीच्या तळाशी गेलेलं बोलणंही शिकलेला कान वेचून काढतो. माणसाचा मेंदू हा शंभर चुका दुरुस्त करणारा रिसीव्हर आहे, आणि अॅनालॉग पद्धती त्याला कामाला लावतात.

अर्थात कानावर विसंबण्याचा धोकाही सांगायला हवा. एसएसबी साधारण ३०० ते २,७०० हर्ट्झ एवढाच आवाज नेतं. ‘स’, ‘श’, ‘फ’ या वर्णांची खरी धार बरीचशी त्याच्या वर असते. ती कापली जाते. खरखरीत ‘सहा माणसं अडकली’ आणि ‘दहा माणसं अडकली’ यांत फरक करणं अवघड होतं, आणि होड्या किती पाठवायच्या हे त्यावर ठरणार असतं. म्हणून आकडे सुटे सांगायचे, दहा असतील तर ‘एक, शून्य’ म्हणायचं आणि पुन्हा म्हणायचं. गावाचं नाव अक्षरं फोडून सांगायचं: समा म्हणजे सिएरा, अल्फा, मायक, अल्फा. समोरच्यानं ऐकलेला निरोप परत म्हणून दाखवायचा. ही शिस्त पद्धत कुठलीही असो, सुटू नये.

आता इंटरनेटचा भाग. आज डिजिटल आवाजाचं जे आकर्षण तरुण हॅमना आहे, ते बहुतांशी जाळ्याचं आहे. टेबलावर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी हॉटस्पॉट नावाची पेटी ठेवायची, तिची शक्ती अवघी दहा मिलिवॅट; हातातल्या सेटचा आवाज तिच्यापर्यंत, तिथून इंटरनेटनं सर्व्हरवर, आणि सर्व्हरवरून मेलबर्न किंवा टोरांटोच्या दुसऱ्या पेटीपर्यंत. अकोट्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे सोसायटी गच्चीवर तार बांधू देत नाही, तिथे राहणाऱ्या मुलाला यातून जगाशी बोलता येतं, आणि ते वाईट आहे असं म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. मात्र यातला रेडिओ खोलीच्या दारापर्यंतच आहे. वीज गेली, राउटर विझला, की मेलबर्न जातंच, शेजारची कारेलीबागही जाते. पुराच्या रात्री या पेटीवर भिस्त ठेवणं म्हणजे ज्या मोबाइलच्या जाळ्याला पर्याय हवा, त्याच्याच खांद्यावर बसणं. इंटरनेटशिवाय, सेट ते सेट किंवा बॅटरीवरच्या रिपीटरमधून चालणारा डीएमआर ही वेगळी गोष्ट, आणि शहरातल्या शहरात तो उत्तम काम देतो.

डिजिटल घराण्यांवरचा आणखी एक आक्षेप अधिक खोल आहे. डी-स्टार, डीएमआर, फ्यूजन या तिन्हींत बसलेला एएमबीई व्होकोडर एका खासगी कंपनीच्या मालकीचा आहे. चिप विकत घेता येते, पण तिच्या पोटात काय चालतं ते उघडून, बदलून, सुधारून बघता येत नाही. हौशी रेडिओ जन्मला तोच उघडून बघण्याच्या वृत्तीतून. ज्या गावात १८९० साली कलाभवन हे तंत्रविद्यालय निघालं आणि जिथे दादासाहेब फाळके शिकले, त्या गावातल्या विद्यार्थ्याला ‘ही पेटी उघडायची नाही’ असं सांगावं लागणं मनाला पटत नाही.

ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड रो यांना ते अजिबात पटलं नाही. त्यांनी कोडेक २ नावाचा संपूर्ण खुला व्होकोडर लिहिला, जो सेकंदाला ३,२०० बिटांपासून थेट ७०० बिटांपर्यंत उतरतो. त्यावर फ्रीडीव्ही ही लघुलहरींवरची डिजिटल आवाजाची पद्धत उभी राहिली, तिचं सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळतं आणि साध्या एसएसबी सेटला संगणक जोडून ती चालवता येते. पोलंडच्या वोइचेख काचमार्स्की यांनी २०१९मध्ये सुरू केलेली एम१७ ही अशीच खुली पद्धत, दोन मीटरसारख्या बँडसाठी. ७०० बिटांचा आवाज मात्र कानाला कोरडा लागतो. शब्द कळतात, माणूस ओळखू येतोच असं नाही.

२०२४ साली रो यांनी पुढचं पाऊल टाकलं: रेडिओ ऑटोएन्कोडर ही पद्धत. यात दोन्ही टोकांना शिकवलेली न्यूरल नेटवर्क असतात. बोलण्याचे गुणधर्म आधी बिटांत कापून, मग त्यांवर दुरुस्तीचे बिट चढवून, मग लहरीवर बसवायचे, ही शिडीच तिनं काढून टाकली. नेटवर्क बोलण्याचे गुणधर्म थेट लहरीच्या चिन्हांत उतरवतं, आणि ती चिन्हं शून्य-एक अशी ठोकळेबाज नसतात, मधल्या सगळ्या किमती घेतात. त्यामुळे सिग्नल उतरला तरी आवाज कड्यावरून पडण्याऐवजी बराच वेळ उतारावरून येतो. आणि नवल म्हणजे दीड किलोहर्ट्झ रुंदीच्या लहरीतून आठ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पलीकडे उभा राहतो, म्हणजे एसएसबीच्या निम्म्या जागेत ‘स’ आणि ‘श’ आपल्या धारेसकट परततात. हिला डिजिटल म्हणावं की अॅनालॉग, यावर जाणकारांचं एकमत होणं कठीण. डिजिटलची काटकसर आणि अॅनालॉगचं विरत जाणं तिनं एका जागी आणलं, हे मात्र निःसंशय. संगणक लागतो, त्याला वीज लागते, एवढं उणं आज तिच्यात आहे.

बडोद्यापुरता निकाल द्यायचा तर असा देता येईल. शहराबाहेर, भुज-मुंबई-पुण्यापर्यंत बोलायला बॅटरीवरचा एसएसबी सेट आणि वीस मीटर तार. शहरात वस्ती ते नियंत्रण कक्ष एवढ्यासाठी साधे एफएम हातसंच, सगळ्यांचे एकमेकांशी बोलणारे. डीएमआर तिसऱ्या जागी, जिथे रिपीटर बॅटरीवर आहे आणि वाहिन्या कमी पडताहेत तिथे. नव्या खुल्या पद्धतींवर मात्र कोरड्या दिवसांत भरपूर प्रयोग व्हायला हवेत, आणि त्या प्रयोगांत मराठी नि गुजराती बोलणं वापरायला हवं, म्हणजे आपले वर्ण त्यांतून कसे येतात ते आपल्याच कानांनी तपासता येईल.

हे करायला माणसं लागतील. हॅम परवान्याच्या परीक्षेला बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही बसू शकतो. रिस्ट्रिक्टेड वर्गासाठी रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम एवढाच अभ्यास. जनरल वर्गासाठी त्याशिवाय मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स. अर्ज केंद्र सरकारच्या सरल संचार पोर्टलवर करायचा असतो. गांधीनगरला गुजरात इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ आहे. अर्ज, परीक्षा, पडताळणी आणि परवाना यांत कित्येक महिने जातात, म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी ज्यांना हवेत बोलायचं आहे, त्यांनी दिवाळीच्या सुमारासच अर्ज करावा.